तिसरं मूळ

तायडे मॅडमकडे मी पहिल्यांदा गेले ती दात मागायला. नागपूरला डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सरावासाठी काढलेले दात लागायचे. ते प्लास्टरमध्ये बसवायचे आणि त्यांच्यावर कोरायला, भरायला शिकायचं. हे दात कॉलेज देत नाही, ज्याचे त्याने आणायचे असतात. ज्यांच्या घरात किंवा ओळखीत डॉक्टर होते, त्यांचे डबे भरून आले. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मीच पहिली. बाबा वांगी आणि मेथी लावतात, आई ती बाजारात विकते. कोणाला दात मागायचे ते मला कळेना. दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा आई म्हणाली, "आपल्या वरवटात हायेत नं तायडे मॅडम. लोकाईचे दातच तं काढतात त्या. जाय, माग."

मॅडमचा दवाखाना वरवट बकालच्या स्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानाच्या वर होता. चढायला लोखंडी जिना. वर एक लांबट खोली, तिच्यात एकच खुर्ची, आणि बाहेर गॅलरीत पेशंटसाठी लाकडी बाक. मॅडम साठीच्या जवळ आलेल्या. ठेंगण्या, तेल लावून घट्ट बांधलेले केस, काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला जाड चष्मा. मी दारातच म्हणाले, "मॅडम, मला दात पाहिजेत."

"मलापण पाहिजेत," त्या वर न पाहता म्हणाल्या. "माझे चार गेले."

बाकावरचे पेशंट हसले. मी कुठे शिकते, कशासाठी पाहिजेत, हे अडखळत सांगितलं. मॅडमनी कपाटातून एक मोठी बरणी काढली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिच्यातले दात त्यावर ओतले. शंभरावर असतील.

"सगळे घेऊन जा. पण आधी प्रत्येक दाढेची मुळं मोजून सांग."

मला बरं वाटलं. हे मला पाठ होतं. मी म्हणाले, "वरच्या दाढांना तीन, खालच्या दाढांना दोन."

मॅडमनी दोन्ही हातांनी सगळे दात गोळा केले आणि परत बरणीत टाकले. "उद्या ये. मी दाढा मोजायला सांगितल्या होत्या. तू पुस्तक मोजून दाखवलंस."

मी तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कुठे मला नीट दिसायला लागलं. एका दाढेची दोन मुळं शेवटपर्यंत चिकटून एक झालेली होती. एकीचं मूळ टोकाशी विळ्यासारखं वळलेलं होतं. एका खालच्या दाढेला पुस्तकात नसलेला एक बारीक, आखूड, जिभेच्या बाजूला झुकलेला पाय होता. मी ती दाढ मॅडमसमोर धरली. त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "हं. आता बरणी ने."

त्या दिवसापासून दर सुटीत मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. त्यांनी कधी ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. स्टुलावर बसून मी बघायची, एवढंच.

मॅडम पेशंटशी वऱ्हाडीत बोलायच्या आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत. मी काही चुकीचं बोलले की मात्र माझ्याशीही वऱ्हाडीत. "तुले कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय?" दुपारची भाकरी उभ्याने खायच्या. कोणी पेशंटला 'अडाणी' म्हटलेलं त्यांना चालत नसे. एकदा मीच म्हणाले होते की हे लोक अडाणीपणामुळे उशिरा येतात. त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि विचारलं, "तुझी आई दात दुखला तर किती दिवसांनी येईल?" मला उत्तर माहीत होतं. आई आलीच नसती. लवंग धरली असती आणि मेथीच्या जुड्या बांधत बसली असती.

त्यांच्या खोलीत हसणंही बरंच असे. एकदा एक म्हातारेबाबा वरची दाढ काढायला तयार होईनात. आमच्या भागात पक्कं मानतात की वरची दाढ काढली की नजर जाते. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले, "मॅडम, दुखू द्या. डोया गेला तं मंग काय करू?"

"माही तं एकही वरची दाढ काढेल नाई, बाबा," मॅडम म्हणाल्या. "तरी ह्या चष्म्याचा नंबर पाहा."

"मंग तुमी लोकाईच्या काढल्या, त्याईचं तुमाले लागलं अशीन!"

सगळी गॅलरी हसली. मॅडमही हसल्या. मीही हसले. ते हसणं आता आठवलं की बरं वाटत नाही.

त्यांचा एक नियम होता. खालच्या दाढेचं रूट कॅनल असेल तर एक्स-रे दोन काढायचे, एक सरळ आणि एक थोडा तिरका. दाढेच्या मुळात केसासारखी बारीक पोकळ वाट असते, तिच्यात नस असते. ती सडली की वाट शोधायची, साफ करायची आणि गुलाबी रबरासारखी काडी घालून बंद करायची. हेच रूट कॅनल. एखादी वाट सापडली नाही तर वरून सगळं छान दिसतं आणि आत सडणं चालूच राहतं. दुसरा फोटो कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्या मला गॅलरीत घेऊन गेल्या आणि बाकाच्या एका टोकाला उभं केलं.

"समोर विजेचे खांब किती?"

"एक."

"दोन पावलं डावीकडे सरक."

सरकले तर पहिल्या खांबाच्या मागे दुसरा दिसायला लागला.

"तो आधीपण होता," मॅडम म्हणाल्या. "तू सरळ उभी होतीस."

मग एक जुना फोटो खिडकीच्या काचेवर धरून, बॉलपेनच्या टोकाने, मुळाच्या कडेला असलेली एक पुसट रेघ त्यांनी मला दाखवली. एका रेघेशेजारी दुसरी. "ही दुसरी दिसली की समजायचं, मागे कोणीतरी उभं आहे. फोटोत सापडलं नाही तर पेशंटला विचारायचं. आणि तो दुखतं म्हणाला तर त्याच्याकडे पुरावा मागायचा नाही."

हे शेवटचं वाक्य त्या नेहमी म्हणायच्या. ते कुठून आलं, हे मला तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कळलं.

त्या दुपारी पेशंट नव्हते. मदतनीस मंदाताई जेवायला गेली होती. मॅडमनी टेबलाच्या खणातून चुन्याची ॲल्युमिनियमची डबी काढली, तंबाखू खाणारे खिशात ठेवतात तशी. आत कापसात एक खालची दाढ होती. तिच्या दोन मुळांच्या टोकाशी गुलाबी काडीचे ठिपके दिसत होते. तिसरं मूळ बारीक होतं, जिभेच्या बाजूला झुकलेलं, आणि काळं.

"ही देवकामावशी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

देवकामावशी म्हणजे मॅडमच्याच वस्तीतली बाई. लोकांच्या वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला जाणारी. मॅडम डेंटलला लागल्या तेव्हा वस्तीने त्यांना बुद्ध विहारात बोलावून हार घातला होता. तो हार देवकामावशीने गुंफलेला होता. वस्तीतून डॉक्टर झालेली पहिलीच पोरगी. दवाखाना निघाल्यावर पहिल्या आठवड्यात वस्तीतले निम्मे लोक काही दुखत नसताना दात दाखवून गेले. काही वर्षांनी देवकामावशीची खालची दाढ खरोखर दुखायला लागली.

मॅडमनी तीन वेळा बोलावून रूट कॅनल केलं. फोटो सरळ काढला. तो सुंदर आला. दोन मुळं, सगळ्या वाटा टोकापर्यंत भरलेल्या. पंधरा दिवसांनी मावशी परत आली. दुखते म्हणाली. मॅडमनी गोळ्या दिल्या. ती पुन्हा आली. तेव्हा बाहेर बरेच लोक बसलेले होते. मॅडमनी फोटो खिडकीवर धरला आणि तिला दाखवला. "हे पाह्य मावशी, सारं भरेल हाये. आता दुखाले जागाच नाई."

मावशी फोटोकडे बघत म्हणाली, "फोटोत नसंन दुखत, बाई. मले दुखते."

"आणि मी तिला काय म्हणाले माहीत आहे?" मॅडम मला सांगत होत्या. आवाज अगदी सपाट होता. "मी म्हणाले, मावशी, डॉक्टर तू हायेस का मी हाये? लोक हसले. तीपण हसली. पदर गालाला लावला आणि गेली. परत आली नाही. मला वाटलं, थांबलं दुखणं."

दुखणं थांबलं नव्हतं. नवरा, सुखदेवकाका, तिला शेगावला दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हणून रोज सांगत होता. ती जाईना. शेजारणींनाही तिने सांगितलं नाही. गाल सुजला तर उन्हाचं तोंड बांधायच्या निमित्ताने फडकं गुंडाळून कामाला गेली. मग सूज जबड्याखाली उतरली, गळ्यात आली, बोलता येईना, थुंकी गिळवेना. अकोल्याला नेलं. तिथे दाढ काढली, पू काढला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरा-चौदा दिवसांनी सुखदेवकाका दवाखान्यात आले. जयभीम केला, बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसून राहिले आणि आत येऊन ही डबी टेबलावर ठेवली. दाढ त्यांनी अकोल्याच्या नर्सकडून मागून घेतली होती. त्यांनी विचारलं, "बाई, याच्यात काय राह्यलं होतं?"

मॅडमनी डबी उघडली आणि त्यांना एका नजरेत कळलं. काकांना त्या म्हणाल्या, माझ्याकडून एक मूळ राहिलं. ते मी पाहिलं नाही.

काका म्हणाले, "तिले म्या किती सांगतलं, शेगावले चाल. ती म्हणे, तठी गेली तं तो डॉक्टर विचारीन, आधी कोणाजवळ केलं? मंग आपल्या पोरीचं नाव जाईन. लोकं आधीच टपून बसेल हायेत म्हणे. दुखू दे, थांबीन आपोआप." आणि उठताना म्हणाले, "तुमी मनावर नोका घेऊ."

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दाढ कापसात ठेवली, डबी बंद केली. "तुझ्यापण गावात तुझं कौतुक असेल. लक्षात ठेव. तुझ्यावर माया करणारा पेशंट तुला खरं सांगणार नाही. ते तुला शोधावं लागेल."

मंदाताई जिना चढत होती. मॅडमनी डबी खणात सरकवली.

पुढच्या दिवाळीला मी चौथ्या वर्षात होते. गेल्यावर मला वेगळं काही दिसलं नाही, आधी तरी नाही. मॅडमना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार होता, ते मला माहीत होतं; तो डोळ्यांत उतरतो, हे तेव्हा सुचलं नाही. चष्मा बदललेला होता. दिवा तोंडाच्या अगदी जवळ ओढलेला असायचा. मंदाताई सुई हातात देताना आता हळूच काहीतरी बोलायची. दोन दिवसांनी मी नीट ऐकलं. ती म्हणत होती, "मॅडम, इकून. थोडं इकडे."

मी मंदाताईला जिन्यात गाठलं. "मॅडमना दिसत नाही का?"

"दिसते," ती म्हणाली. मग खाली बघत, "कमी दिसते. बोटाइले सारं समजते त्याईच्या. तीस वर्षाचा हात हाये."

"पेशंटना माहीत आहे?"

"साऱ्याइले माहीत हाये. त्या आरसा तोंडात घालतात तं लोकं सोताच डोकं सरकवून घेतात. तू काऊन घाबरून राह्यली? बोलू नको कोठी. हा दवाखाना बंद झाला तं लोकं जातीन कुठी?"

मी कोणालाच काही बोलले नाही. मी विद्यार्थिनी होते, त्या मॅडम होत्या. बोटांनी खरंच बरंचसं कळतं, असं आमच्या कॉलेजातही सांगतात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही मी स्वतःला तेच सांगत होते.

तिसऱ्या दिवशी संग्रामपूरकडचा एक शेतमजूर आला. चाळिशीचा, खालची पहिली दाढ किडलेली. मॅडमनी दोन फोटो काढले, नियमाप्रमाणे. मंदाताईने ते धुऊन, चिमट्याला लावून सुकवले. मॅडमनी तिरका फोटो खिडकीच्या काचेवर धरला. मी त्यांच्या खांद्याजवळ उभी होते. मुळाच्या कडेला एक रेघ होती आणि तिच्या शेजारी दुसरी, पुसट. त्यांनीच मला बॉलपेनच्या टोकाने दाखवली होती तशीच.

मी वाट बघितली. मॅडमनी फोटो जवळ नेला, लांब नेला.

"दोन मुळं," त्या म्हणाल्या. "सरळ केस आहे. मंदा, सुई भर."

मंदाताईने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको म्हणून. मॅडमनी हातमोजे घातले. पेशंटने आ केला.

"मॅडम," मी म्हणाले. "अजून एक रेघ आहे."

पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता.

"कुठे?"

मी फोटो पुन्हा काचेवर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझं बोट धरलं आणि ते फोटोवर ठेवायला लावलं. "इथे?"

"हो."

"पुसट आहे?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "थोडी. पण दिसते."

मॅडमनी हातमोजे काढले. टेबलाशी जाऊन चिठ्ठी लिहिली. अक्षरं ओळ सोडून वर चढत होती. पेशंटला म्हणाल्या, "दादा, शेगावले जा. ही चिठ्ठी दाखवा. तुमच्या दाढेले तीन मुयं हायेत, हे त्याइले आठवणीनं सांगा."

तो मनुष्य खुर्चीतून उठेना. "तुमीच करा नं मॅडम. माह्या मायचे, बायकोचे, साऱ्याईचे दात तुमीच पाह्यले. थोडंसं चुकलं तं चालते."

"चालत नाई," मॅडम म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी बाहेरच्या दोघांनाही परत पाठवलं. मंदाताई माठाशी उभी राहून रडत होती. मॅडम पेशंटच्या खुर्चीत बसल्या. त्यांना त्या खुर्चीत बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "मॅडम, चुकले असेन तर…"

"तू नाही चुकलीस." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. मी मंदाला रोज विचारायची, बरोबर आहे ना? ती हो म्हणायची. ती होच म्हणणार, हे मला माहीत होतं. म्हणून तर तिलाच विचारायची." मग म्हणाल्या, "या सहा महिन्यांत किती दाढा बंद केल्या, कोण जाणे. कोणी परत येऊन सांगितलं नाही."

त्या दिवसापासून दवाखाना बंद झाला. मॅडमनी मंदाताईला वही घेऊन बसवलं आणि सहा महिन्यांतल्या सगळ्या पेशंटना निरोप पाठवले, शेगावला जाऊन पुन्हा फोटो काढा म्हणून. बरेच जण गेले नाहीत. "आमाले काहीच दुखत नाई," असं सांगायला चार जण मुद्दाम जिना चढून आले. त्यांतल्या एका बाईचा गाल सुजलेला होता. मॅडमनी तो हाताने चाचपला आणि स्वतः तिच्याबरोबर एसटीत बसून शेगावला गेल्या.

गावात माझ्याशी लोक आधीसारखे बोलेनात. बाजारात आईला कोणीतरी म्हणालं, "तुह्या पोरीनंच बंद केला म्हणे मॅडमचा दवाखाना." आईने घरी येऊन मला विचारलं, "तुले गप बसता नाई आलं?" मग माझ्याकडे बघितलं आणि मेथीच्या जुड्या बांधायला बसली. आता आमच्याकडचे लोक शेगावला जातात, नाहीतर जातच नाहीत. माझ्या चुलत काकूने बाजारात चटई टाकून बसणाऱ्याकडून दाढ उपटून घेतली. अर्धं मूळ आतच राहिलं. हे मी मॅडमना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते इंटर्नशिपला निघाले त्या दिवशी. बसला वेळ होता म्हणून जिना चढले. खुर्चीवर चादर घातलेली होती. मॅडम गॅलरीतल्या बाकावर, जिथे पेशंट बसायचे तिथे बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून. मी बोलेपर्यंत मॅडमना कळलं नाही कोण आलंय ते. "तू का," त्या म्हणाल्या. "हे सुखदेवकाका."

काकांनी माझ्या दिशेने हात जोडले, थोडे बाजूला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा झालेला होता.

मॅडम उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि चुन्याची डबी घेऊन आल्या. काकांच्या तळहातावर ठेवली. "काका, हे आता तुमच्यापाशी ठेवा. मले दिसत नाई."

"मले तरी कुठी दिसते, बाई," काका म्हणाले.

त्यांनी डबी उघडली, कापूस बाजूला केला, दाढ अंगठ्याने आणि बोटाने धरली. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांचं बोट मुळांवर ठेवलं.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन." मग बोट आतल्या बाजूला, जिभेच्या बाजूला वळवलं. "तीन."

"हेच का ते?"

"हो काका. हेच."

खाली बसचा हॉर्न वाजला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. काका त्या तिसऱ्या मुळावरून बोट काढत नव्हते आणि मॅडमनी त्यांचा हात सोडला नव्हता.